कम्युनिटी कॉलेजमधून समाजकार्याच्या पदवीकडे : मुळशीतील युवक-युवतींसाठी काही माहिती

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुळशी तालुक्यातील आमच्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलाने अथवा मुलीने एखाद्या कम्युनिटी कॉलेजमधून वर्षभराची पदविका घेतलेली असते, हाताला थोडेफार काम मिळालेले असते आणि आता समाजकार्याची पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू., घ्यावी असे मनात आलेले असते. “फादर, या डिप्लोम्यावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का?” असा तो प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच द्यावे लागते. परंतु ते केव्हा कळते यावर बरेच अवलंबून असते. आधी कळले तर तीन वर्षांचा मार्ग नीट आखता येतो. उशिरा कळले तर हातची दोन-तीन वर्षे जातात. म्हणून या विषयाची माहिती येथे एकत्र देत आहोत.

हा लेख लिहिण्यास एक घटना कारण झाली. पिरंगुट परिसरात राहणारे एक कुटुंब, मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार, आई चार घरची कामे करणारी. मुलगी दहावी उत्तीर्ण झाली, परंतु घरच्या अडचणीमुळे अकरावीतच शिक्षण सुटले. पुढे तिने रुग्णसेवेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि एका रुग्णालयात तिला काम मिळाले. तेथील समाजसेवा विभागाच्या दाराशी उभे असलेले रुग्णांचे नातेवाईक ती रोज पाहत असे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. पण कोणता दाखला आणावा, अर्ज कोठे करावा, हे गोंधळलेल्या माणसाला समजावून सांगणारा वैद्यकीय समाजसेवकच असतो. ते काम आपण करावे असे या मुलीने मनाशी ठरविले. दोन वर्षे पैसे साठविले आणि प्रवेशासाठी एका महाविद्यालयात गेली. तेथे तिला बारावीची गुणपत्रिका मागण्यात आली. ती तिच्याजवळ नव्हती.

पदविकेला प्रवेश घेतेवेळी “हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा आहे, पुढे पदवीला थेट जाता येईल” असे तिला तोंडी सांगण्यात आले होते. त्या संस्थेचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या अभ्यासक्रमाची सूचना रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखविण्यात आली होती आणि आम्हीच ती प्रसिद्धही केली होती, हे लपवून ठेवणे योग्य होणार नाही. प्रमाणपत्र कोण देणार, त्याला कोणाची मान्यता आहे, हे विचारावे असे त्या वेळी आम्हांला सुचले नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले, आणि तिचा हेतूच पदवीशी जोडलेला होता. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याने घराजवळ, कमी खर्चात शिकावी व पुढील दोन वर्षांसाठी विद्यापीठात जावे अशी ती योजना होती. म्हणजे अमेरिकन कम्युनिटी कॉलेजच्या पायाभरणीतच विद्यापीठाकडे नेणारा पूल होता.

भारतात ही कल्पना आली ती निराळ्या गरजेतून, आणि तिच्या प्रसारात ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे. १९९५ साली पुदुच्चेरी येथे विद्यापीठाच्या आश्रयाने पहिले कम्युनिटी कॉलेज निघाले. त्यापाठोपाठ १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने मद्रास कम्युनिटी कॉलेज सुरू केले. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी या कार्याला चळवळीचे रूप दिले. चेन्नई येथे १९९९ साली त्यांच्या पुढाकाराने संशोधन व विकास केंद्र स्थापन झाले आणि तेथून देशभरातील धर्मप्रांतांना, धर्मभगिनींच्या संस्थांना व इतर स्वयंसेवी संस्थांना मार्गदर्शन मिळत गेले. शाळा सुटलेली, दहावी नापास झालेली, महाविद्यालयाचा उंबरठा कधी न ओलांडलेली मुले या चळवळीच्या डोळ्यांसमोर होती. त्यांना जीवनकौशल्ये, एखादे कामाचे कौशल्य आणि प्रत्यक्ष कामाच्या जागेवरील अनुभव देऊन वर्षभरात स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा हेतू. प्रवेशाला गुणांची अट नाही, वयाची अट जवळजवळ नाही, फी अत्यल्प. तामिळनाडूत पुढे तेथील मुक्त विद्यापीठाने अशा कॉलेजांना मान्यता दिली. इतरत्र मात्र पुष्कळ ठिकाणी संस्था स्वतःच्याच सहीशिक्क्याने प्रमाणपत्र देत राहिली.

या चळवळीने हजारो कुटुंबांत चूल पेटती ठेवली, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण तिची रचना रोजगारापर्यंत नेऊन थांबणारी होती. अमेरिकेकडून आपण नाव घेतले, पूल मात्र घेतला नाही. आणि नाव तेच असल्यामुळे पूलही असेलच अशी समजूत पालकांतच नव्हे, तर आम्हा धर्मगुरूंतही पसरली.

पूल बांधण्याचे प्रयत्न

हा पूल बांधण्याचा मोठा प्रयत्न २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने केला. देशभरातील शेकडो संस्थांना कम्युनिटी कॉलेज म्हणून नोंदवून घेण्यात आले. दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी घ्यावी व तिच्या श्रेयांकांवर पुढे पदवी पूर्ण करावी, अशी ती रचना होती. नेमके हेच आमच्या मुलांना हवे होते. परंतु ही योजना काही वर्षांतच थांबविण्यात आली. त्या काळातील ‘असोसिएट’ पदवी आजही ज्यांच्याजवळ आहे त्यांनी तिच्या भरवशावर कोठेही फी भरू नये. आधी ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा आहे त्याच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत मान्यताप्राप्त महाविद्यालयांमध्येच कम्युनिटी कॉलेजे चालविण्यासाठी अनुदान दिले आणि बी.व्होक. ही व्यावसायिक पदवी आणली. येथे प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका, पदवी अशा पायऱ्या खरोखरच एकमेकींना जोडलेल्या आहेत. पण त्या चढून गेल्यावर विद्यार्थी पोहोचतो तो बी.व्होक.ला, बी.एस.डब्ल्यू.ला नव्हे. एका जिन्याने चढताना मधल्याच मजल्यावरून दुसऱ्या जिन्यावर उडी मारता येत नाही, तसा हा प्रकार. अर्थात बी.व्होक. ही पदवीच असल्याने ती पूर्ण केलेल्याला एम.एस.डब्ल्यू.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो का, हे त्या त्या विद्यापीठाच्या पात्रता नियमांत पाहावे. काहींना हा मार्ग अधिक सोयीचा ठरू शकेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चित्र पुन्हा थोडे बदलले आहे. २०२१ साली शैक्षणिक श्रेयांक पेढी स्थापन झाली. तिचे काम बँकेच्या पासबुकासारखे आहे. विद्यार्थी जे शिकला त्याचे श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होतात आणि ते दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेत नेता येतात. मात्र ते साधारणतः सात वर्षांपर्यंतच वापरता येतात. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने व्यावसायिक शिक्षणालाही त्याच मापात बसविले. वर्षभराचे १२०० तासांचे शिक्षण म्हणजे ४० श्रेयांक, असे ते माप आहे. पदवीला तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०.

हे वाचून कोणालाही वाटेल की आता प्रश्न मिटला. परंतु पासबुक असले तरी त्यात भरणा करणारा हवा. ज्या संस्थेची पेढीकडे नोंदणीच नाही तिच्या पदविकेचे श्रेयांक कोठेही जमा होत नाहीत, आणि आमच्या परिसरातील ट्रस्टमार्फत चालणारे अनेक लहान अभ्यासक्रम याच प्रकारचे आहेत. शिवाय श्रेयांक जमा असले तरी ते कोणत्या विषयाचे आहेत हे पदवी देणारे महाविद्यालय पाहणारच. शिवणकामाचे वीस श्रेयांक समुदाय संघटनेच्या विषयाऐवजी धरावेत अशी अपेक्षा करता येत नाही. ऐच्छिक अथवा कौशल्यविषयक भागात त्यांतील काही ग्राह्य धरले जाऊ शकतात. ते धरावेत की नाही, हा निर्णय विद्यापीठाचा.

समाजकार्याची पदवी आणि तिचे क्षेत्रकार्य

समाजकार्याच्या शिक्षणाचा भारतातील आरंभ महाराष्ट्रात झाला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. त्याचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट मिशनरी होते आणि त्याआधी ते नागपाड्यातील श्रमिक वस्तीत काम करीत होते. मुळशीकरांना येथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. ज्या टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणाखाली मुळशी पेट्यातील गावे गेली, ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला व बापट ‘सेनापती’ झाले, त्या उद्योगसमूहाचे प्रमुख तेव्हा सर दोराबजी टाटा हेच होते. त्यांच्याच नावाच्या विश्वस्त निधीतून हे विद्यालय उभे राहिले. विस्थापितांचे पुनर्वसन हा आज समाजकार्याच्या अभ्यासक्रमातील महत्त्वाचा विषय आहे. मुळशीच्या मुलाने तो शिकावा, याला निराळे समर्थन लागू नये.

कॅथोलिक प्रयत्नांत प्रथम नाव घ्यावे लागते ते मुंबईतील न्यू मरीन लाइन्स येथील निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाचे. ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या धर्मभगिनींच्या संघाने ते १९५५ साली सुरू केले. तेथे बी.एस.डब्ल्यू. व एम.एस.डब्ल्यू. या दोन्ही पदव्यांचे शिक्षण दिले जाते. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून काम करीत असून एम.एस.डब्ल्यू.साठी ती प्रसिद्ध आहे. अहिल्यानगर येथे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयाच्या परिवारातही समाजकार्याच्या शिक्षणाची संस्था आहे, आणि आमच्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव त्या जिल्ह्यात असल्याने राहण्या-जेवण्याच्या दृष्टीने ती जवळची ठरते. पदवी कोठे व पदव्युत्तर कोठे, हे मात्र प्रत्येक वर्षीच्या माहितीपुस्तिकेवरून पाहून घ्यावे.

बी.एस.डब्ल्यू.ला प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक. शाखा कला, वाणिज्य वा विज्ञान यांपैकी कोणतीही चालते. या पदवीचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. वर्गातील तासांइतकेच महत्त्व त्याला आहे. आठवड्यातील ठरावीक दिवस विद्यार्थ्याला वस्तीत, शाळेत, रुग्णालयात अथवा एखाद्या संस्थेत पाठविले जाते. तेथे तो एका व्यक्तीबरोबर, एका गटाबरोबर, आणि पुढे संपूर्ण समुदायाबरोबर काम करण्यास शिकतो. प्रत्येक भेटीची लेखी नोंद ठेवावी लागते. ती नोंद पर्यवेक्षक प्राध्यापक वाचतात व विद्यार्थ्याला समोर बसवून तिच्यावर चर्चा करतात. तू त्या बाईंना सल्ला का दिलास, आधी ऐकून का घेतले नाहीस, असे प्रश्न तेथे विचारले जातात.

याच कारणासाठी कम्युनिटी कॉलेजमधील प्रात्यक्षिकाचे अथवा नोकरीचे तास क्षेत्रकार्याऐवजी धरले जात नाहीत. विद्यार्थ्यांना हा अन्याय वाटतो. “आम्ही दोन वर्षे रुग्णालयात राबलो, त्याला काही किंमत नाही का?” असे ते विचारतात. किंमत आहेच. पण रुग्णाची चादर बदलणे आणि त्या रुग्णाच्या घरची परिस्थिती समजून घेऊन त्याला स्वतःचा निर्णय घेण्यास साहाय्य करणे ही दोन भिन्न कामे आहेत, आणि दुसऱ्या कामात चूक झाली तर ती लगेच दिसतही नाही. अनुभवाचा उपयोग प्रवेशाच्या मुलाखतीत होतो, पहिल्या वर्षी बुजरेपणा लवकर जाण्यात होतो. तासांची सूट मात्र मिळत नाही.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या ‘डेउस कारितास एस्त’ या विश्वपत्रात याच दोन बाजूंचा विचार केला आहे. गरजूंची सेवा करणाऱ्यांना व्यावसायिक तयारी असणे ही पहिली अट आहे, पण तेवढ्याने भागत नाही. अंतःकरणाचीही घडण व्हावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आमच्या धर्मग्रामांत दुसऱ्या अर्ध्या भागावर प्रवचने पुष्कळ होतात, पहिल्यावर क्वचितच. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा गावकऱ्यांच्या विश्वासाच्या बळावरच ते काम वाढले, हे खरे. परंतु त्या कामातही जमिनीचा उतार मोजणारे, हिशेब ठेवणारे, ग्रामसभा घडवून आणणारे शिकलेले लोक लागलेच. आज तर बहुतेक संस्था समन्वयकाच्या पदासाठी समाजकार्याची पदवी मागतात आणि पदविकाधारक वर्षानुवर्षे मदतनीसच राहतो. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. हिंजवडी व पिरंगुट ही दोन्ही मुळशी तालुक्यातच असल्याने अशी कामे आपल्या दारात चालू आहेत. ती करणारी माणसे मात्र बहुधा बाहेरून येतात.

मग मार्ग कोणता?

ज्यांची बारावी झालेली नाही त्यांनी प्रथम बारावी करावी. हा टप्पा टाळण्याचा कोणताही आडमार्ग शोधू नये. पूर्वी मुक्त विद्यापीठांच्या पूर्वतयारी परीक्षेवरून बारावीविना पदवीला जाणारे पुष्कळ होते. तशा पदव्यांसंबंधी नोकरीच्या व पुढील शिक्षणाच्या वेळी अडचणी उद्भवल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. नोकरी सांभाळून बारावी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेस बसणे. दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, पाच विषय घेऊन परीक्षा देणे. या संस्थेची नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकेक-दोनदोन विषय सोडवीत जाता येते. पाळीत काम करणाऱ्या मुलांना हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा, असे आमचे मत आहे. केंद्र निवडताना मात्र संस्थेच्या स्वतःच्या यादीतील केंद्र आहे ना, हे पाहावे. दलालांची दुकाने या क्षेत्रातही आहेत.

बारावी हाती असेल तर बी.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षालाच प्रवेश घ्यावा, असे आम्ही सुचवू. पदविका मान्यताप्राप्त विद्यापीठाची व श्रेयांक पेढीत नोंदलेली असेल तर प्रवेश घेतानाच अर्ज करून कोणते श्रेयांक ग्राह्य धरता येतील हे लेखी विचारावे. मिळाले तर उत्तम. न मिळाले तरी तीन वर्षे गृहीत धरून घराचा हिशेब बसवावा. पौडहून रोज पीएमपीने ये-जा करणाऱ्याला क्षेत्रकार्याच्या दिवशी घरी परतण्यास रात्र होते. मुलींच्या बाबतीत वसतिगृहाचा विचार पहिल्याच महिन्यात करावा, सहामाहीनंतर नव्हे.

रोज महाविद्यालयात जाणे अशक्य असलेल्यांसाठी इग्नूची बी.एस.डब्ल्यू. आहे. तिला बारावी लागते, ती किमान तीन व कमाल सहा वर्षांत पूर्ण करता येते, आणि इग्नूचे विभागीय केंद्र पुण्यात आहे. दूरशिक्षण असले तरी क्षेत्रकार्यातून सुटका नाही. माध्यम इंग्रजी वा हिंदी असल्याने मराठी शाळेतून आलेल्यांना आरंभी जड जाते. क्षेत्रकार्यासाठी संस्था दूर शोधण्याची गरज नाही. उदाहरणार्थ, कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज ही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी काम करणारी संस्था आहे. अशा कोणत्याही ठिकाणी जाण्यापूर्वी पर्यवेक्षक कोण असणार, हे अभ्यासकेंद्राशी बोलून नक्की करावे.

नव्या रचनेत आणखी एक सोय आहे, आणि ती आमच्या मुलींच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून काही अतिरिक्त श्रेयांकांसह प्रमाणपत्र घेऊन थांबता येते, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबता येते. अशा विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. लग्न, बाळंतपण, वडिलांचे आजारपण यांमुळे शिक्षण सोडावे लागलेल्या मुलींना “आता संपले” असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. शिक्षण सोडताना महाविद्यालयातून रीतसर प्रमाणपत्र घ्यावे आणि श्रेयांक खात्यावर जमा झाले की नाही ते डिजिलॉकरमध्ये पाहावे. नुसते जाणे बंद करू नये.

जातीच्या दाखल्याविषयी

फी व शिष्यवृत्तीचा प्रश्न निघाला की हा विषय टाळता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा लाभ हिंदूंपुरता होता. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बांधवांचा आजवर झालेला नाही. २०२२ साली केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. तथापि महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश इतर मागास प्रवर्गात होतो, आणि त्या प्रवर्गाच्या सवलतींसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. काही जण संकोचाने, तर काही जण दाखल्यावर वेगळाच धर्म दाखवून मार्ग काढतात. हा दुसरा मार्ग खोटेपणाचा आहेच, शिवाय पडताळणीत उघडा पडतो व मुलाची पदवीच धोक्यात येते.

इतर मागास प्रवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो सामान्यतः मूळ गाव ज्या उपविभागात आहे तेथे सादर करावा लागतो. मुळशीत राहणाऱ्या कुटुंबाला म्हणून राहाता, संगमनेर, श्रीरामपूर अशा ठिकाणी खेपा घालाव्या लागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला मिळत नसेल तर मूळ धर्मग्रामातील जुन्या बाप्तिस्मा नोंदवहीचा उतारा मागावा. गाव, वडिलांचे नाव व तारीख त्यात असतात आणि पूरक पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो. जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर दाखला यांना वेळ लागतो. अकरावीतच या कामाला लागावे.

परदेशातील नातेवाइकांचे सल्ले

“अमेरिकेत माझ्या भाचीने कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षे केली आणि थेट तिसऱ्या वर्षाला गेली, मग आपल्याकडे का नाही?” असेही विचारले जाते. तेथे दोन संस्थांमध्ये आधीच लेखी करार झालेला असतो व कोणता विषय कोणत्या विषयाऐवजी धरावयाचा हे ठरलेले असते, म्हणून ते शक्य होते. पण तेथेही समाजकार्याच्या पदवीला किमान ४०० तासांचे क्षेत्रकार्य मान्यताप्राप्त पदवी अभ्यासक्रमातच करावे लागते, आणि आयुष्यातील अथवा नोकरीतील अनुभवाबद्दल समाजकार्याच्या विषयांचे श्रेयांक देऊ नयेत असा तेथील मान्यता परिषदेचा स्पष्ट नियम आहे. म्हणजे जे आमच्या मुलांना अन्यायाचे वाटते तेच तिकडेही आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात समाजसेवा कार्यकर्त्याची दोन वर्षांची पदविका व समाजकार्याची पदवी या दोन्हींची नोंदणी एकाच मंडळाकडे पण वेगवेगळ्या नावांनी होते. ही व्यवस्था आम्हांला समंजस वाटते. पदविकाधारकाला तेथे स्वतःचे नाव व स्थान आहे.

धर्मग्रामांसाठी

कोणत्याही संस्थेच्या अभ्यासक्रमाची सूचना आमच्याकडे आली तर ती प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही आता काही गोष्टी लेखी मागतो. प्रमाणपत्रावर कोणाची सही व शिक्का असेल, त्या विद्यापीठाचा अथवा मंडळाचा मान्यता क्रमांक काय, श्रेयांक पेढीत नोंदणी आहे काय, आणि हा अभ्यासक्रम बारावीच्या समकक्ष असल्याचा दावा असेल तर त्याचा शासकीय आदेश कोणता. उत्तर न आल्यास सूचना छापली जात नाही. गेल्या काही काळात यामुळे दोन-तीन संस्था आमच्यावर नाराज झाल्या आहेत, त्यांतील काही आपल्याच माणसांच्या आहेत. मुळशी परिसरातील धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी मिस्सानंतरच्या सूचनांसाठी हीच पद्धत ठेवावी, अशी विनंती आहे. अभ्यासक्रम केवळ रोजगारासाठी असेल तर तसे स्पष्ट सांगून तो जरूर जाहीर करावा. वर्षभरात हाताला काम देणारा अभ्यासक्रम काही कमी प्रतीचा नव्हे.

आरंभी जिच्याविषयी लिहिले त्या मुलीने रुग्णालयाची नोकरी न सोडता एनआयओएसमधून बारावी केली. त्याला दोन वर्षे लागली. अर्थशास्त्राचा विषय तिला तीनदा द्यावा लागला. ती आता बी.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षात आहे. तिच्या पदविकेचा एकही श्रेयांक ग्राह्य धरला गेला नाही. क्षेत्रकार्याच्या पहिल्या नोंदीवर पर्यवेक्षकांनी काय लिहिले, असे आम्ही तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “फादर, मी पेशंटच्या आईला सगळे फॉर्म स्वतःच भरून दिले. मॅडमनी लिहिलंय, पुढच्या वेळी पेन त्यांच्या हातात द्या.”